पडवीवरचा फायबर आणि माझी इंजिनिअरिंग

परवा ऑफिसातला एक मित्र विचारत होता, "गच्चीवर शेड टाकायचीय, फायबरचा पत्रा घेऊ का रे? तुमच्या गावच्या घराला आहे ना?"

आहे ना! चांगला दोनदा बसवलाय. एकदा मी बसवला आणि एकदा नीट बसवला :) म्हटलं, या वीकेंडला ती कहाणी लिहूनच टाकावी.

आमचं गाव दापोली तालुक्यात. घर मंगलोरी कौलांचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी घरीच होतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, लॉकडाऊनमुळे कॉलेज बंद. माजघरात आम्ही सगळे एकमेकांना चिकटून बसलो होतो आणि वर कौलं फुटत होती. पडवीचं छप्पर तर वाशांसकट गेलं. तो अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. आजीची खाट पडवीतून आत, माजघराच्या काळोखात आली. दुपारी पोथी वाचत बसायचा तिचा नेम बंद पडला. ती तक्रार करणारी नाही, पण दिवसभर नुसती पडून राहायला लागली. ते बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर मुख्य घरावर पुन्हा कौलं चढली. पडवी मात्र राहिली. २०२१ च्या सुरुवातीला मला नोकरी लागली, वर्क फ्रॉम होम. पहिल्या पगारातून पडवीला फायबर घालायचं मी जाहीर केलं.

बाबा म्हणाले, "प्लास्टिक ते. उडून जाईल."

मग काय, आमचं लेक्चर सुरू! हे नुसतं प्लास्टिक नाही. काचेचे केसासारखे बारीक धागे पॉलिस्टर रेझिनमध्ये बसवलेले असतात. ताकद धाग्यांची, पाणी अडवायचं काम रेझिनचं. खाऱ्या हवेत गंजत नाही. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, हा पत्रा माणूस एकटा उचलतो, म्हणजे वाशांवर भार कमी. माकडांनी उड्या मारल्या तरी कौलासारखा लगेच फुटत नाही. आणि मुख्य म्हणजे उजेड आत येतो. शेवटचा मुद्दा आजीने उचलून धरला आणि ठराव पास झाला.

मार्चमध्ये एका रविवारी मी आणि चुलतभावाने पत्रे चढवले. कापताना जी धूळ उडते तिने अंगाला भयंकर खाज सुटते, आणि ती नाकात तर अजिबात जाऊ देऊ नये. मास्क त्या वर्षी घरात ढिगाने होते, तेवढी एक सोय! दुपारपर्यंत काम फत्ते. आजीची खाट पडवीत, हातात पोथी. मी खूश.

एप्रिलच्या उन्हात वरून टक् टक् आवाज यायला लागले. दुर्लक्ष केलं. मग १६ मे ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. रात्री एका पत्र्याचा कोपरा उचकटला आणि धडाधड आपटायला लागला. बाकीच्या बोल्टांपाशी धार लागली. आजीला उचलून आत आणलं. तिची गादी भिजली, पोथी भिजली. ती एवढंच म्हणाली, "राहू दे रे, सुकेल." बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी सुतारकाका आले. मी उत्साहाने वर चढून पत्र्यावर पाय ठेवणार तेवढ्यात खालून ओरडले, "मरायचंय काय? फळी टाक!" फायबरवर थेट पाय द्यायचाच नसतो, माणूस आरपार खाली येतो. वाशांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच हिंडायचं.

मग एकेक चूक निघाली. भोकं मी बोल्टच्या मापाची पाडली होती. उन्हात पत्रा फुगतो, त्याला सरकायला जागा नाही, म्हणून भोकाभोवती बारीक चिरा. (ते टक् टक् म्हणजे वॉर्निंग होती, आणि आम्ही वॉर्निंग वाचतो थोडीच!) भोक बोल्टपेक्षा दोनतीन मिलिमीटर मोठं हवं आणि वर रुंद रबरी वॉशर. शिवाय मी बोल्ट लाटेच्या खोलगट भागात मारले होते, जिथून पाणी वाहतं. ते मारायचे लाटेच्या माथ्यावर, आणि वॉशर नीट बसेल एवढेच आवळायचे. पत्रे मी वाऱ्याच्या बाजूने लावत गेलो होतो. लावायचे उलट्या टोकापासून वाऱ्याकडे, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याला मिळत नाही. आमच्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, हे मला शाळेपासून पाठ होतं! खालच्या-वरच्या पत्र्याचा जोड मी चार इंचांचा ठेवला होता, काकांनी नऊ केला. रीपाही जवळ घेतल्या.

मी विचारलं, "पाणी तापवायची चूलही इथेच आणू का?" काका म्हणाले, "चूल कौलाखालीच राहू दे. हे पेटतं." खरंच आहे, रेझिन पेट घेतं.

तेव्हापासून इतके पावसाळे गेले, एक थेंब आत नाही. तोटे आहेतच. मे महिन्यात दुपारी खाली तापतं, म्हणून आम्ही वर झावळ्या टाकतो. उन्हाने पत्रा पिवळा पडत चाललाय, वरची चकाकी गेलीय. पुढे धागे उघडे पडायला लागले की बदलावा लागेल.

तर मित्रा, घे खुशाल. दुकानात मात्र कुठल्याही पारदर्शक पत्र्याला फायबर म्हणतात. उजेडात धरून बघ, आत धागे दिसले पाहिजेत. आणि बसवताना आधी जाणत्या माणसाला विचार, मग इंटरनेट बघ. आम्ही उलटं केलं आणि त्याची किंमत आजीच्या पोथीने मोजली. तिची पानं अजून फुगलेलीच आहेत. नवीन आणून दिली तर घेत नाही, पडवीत बसून तीच वाचते.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.