खेकडीची बादली

नातू परवा सिंधुदुर्गातलं खेकडापालन बघून आला. खारफुटीत जाळी लावून खेकडे वाढवतात. त्यासाठी पिल्लं थेट तामिळनाडूतल्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राच्या हॅचरीतून आणली गेली होती म्हणे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, पण कुतूहल काही सुटत नाही. वाचत बसले.

समुद्री चिंबोरीची मादी लाखो अंडी घालते. त्यांतून निघणारं पिल्लू खेकड्यासारखं दिसतच नाही. त्याला झोइया म्हणतात. कात टाकत टाकत झोइयाच्या पाच अवस्था, मग मेगालोपा आणि मग कुठे खेकडा! साधारण महिनाभराचा प्रवास. त्यात पाण्याचं तापमान फार महत्त्वाचं. २८ ते ३० अंश सेल्सिअस त्यांना मानवतं. पाणी गार झालं की वाढ रेंगाळते. फार तापलं की वाढ घाईने होते, पण पिल्लं दगावतात. एकदम चढउतार तर नकोच.

हे वाचलं आणि १९८४ सालची एक बादली आठवली...

चाकणजवळच्या शाळेत होते तेव्हा. आज तिथे कारखाने आहेत, तेव्हा शेतं होती. जूनचा पहिला पाऊस पडून उघडीप झालेली. एका मुलाने ओढ्यातली खेकडी आणली, पोटाखाली बारीक बारीक पिल्लं! गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना झोइया वगैरे नसतंच. अंड्यातून बाहेर येतो तो इवलासा खेकडाच, आणि काही दिवस आईच्या पोटाशी चिकटून राहतो.

"बाई, पिल्लं कधी सुटणार?" मुलांनी विचारलं.

"उद्या बघू," म्हणून मी बादली पत्र्याच्या पडवीत ठेवायला सांगितली आणि तासाला गेले. दुपारी पाहिलं तर पाण्याला हात लावता येईना. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो, हे मला कुठे माहीत? आई मेली होती. पिल्लंही.

मुलाने काही विचारलं नाही. बादली उचलून ओढ्याकडे गेला. मीही त्याला थांबवलं नाही, की चूक माझी होती असं म्हटलं नाही. चाळीस वर्षं झाली.

नातवाला परवा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुला माहीत नव्हतं ना."

खरं आहे. पण त्या मुलाला माहीत होतं. त्याने सकाळीच विचारलं होतं, "बाई, ओढ्यात सोडू का परत?"

असो.