शाळेची पायरी आणि आपला खुबा

आजाराचे कारण शरीरात शोधावे, असे आम्हांला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले गेले. ग्रामीण भागात पंचवीसहून अधिक वर्षे व्यवसाय केल्यावर मला ते अनेकदा गळक्या छपरात, उघड्या टाकीत आणि पायरीच्या हललेल्या दगडात सापडले आहे. अशा वास्तूंमध्ये एकीचे नाव रुग्णांच्या बोलण्यात वारंवार येते, ते म्हणजे गावची शाळा.

याचे कारण उघड आहे. मुलगा आणि सून कामासाठी शहरात किंवा ऊसतोडीला गेलेली असतात आणि नातवंडे आजी-आजोबांपाशी राहतात. त्यांना शाळेत सोडणे, आणणे, पालकसभेला जाणे हे सारे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे येते. सकाळी फिरण्यासाठी सपाट, मोकळी जागा म्हणून बहुतेकांना शाळेचेच पटांगण जवळचे असते.

माझ्या परिचयाचे बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ नातवाला आणायला गेले असता व्हरांड्याच्या पायरीचा सुटलेला दगड त्यांच्या पायाखालून सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. पण ओढा ओलांडून नातवाला शाळेत नेणारे कोणी उरले नाही आणि त्याची हजेरी तुटू लागली. तो दगड बसवायला दोन घमेली माल पुरला असता. मात्र ते काम शाळेचे, ग्रामपंचायतीचे की वरच्या कार्यालयाचे, याचा निर्णय पूर्ण वर्षभर लागला नव्हता.

अशा वेळी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची आठवण ठेवावी. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सुरक्षित पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण या गोष्टी त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे होत. कायद्याच्या व्याख्येनुसार ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ व ताबा आहे, तोही पालकच. म्हणजे नातवंडे सांभाळणाऱ्या आजीलाही तेथे आवाज आहे.

तेथे काय पाहावे, हे मी माझ्या ज्येष्ठ रुग्णांना ऋतूंप्रमाणे सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कौले शाकारून घ्यावीत. स्लॅब असेल तर पाणी वाहून जाण्याची तोंडे पालापाचोळ्याने बुजलेली नाहीत ना, ते पाहायला सांगावे. भिंतीत मुरलेल्या ओलीवर बुरशी धरते आणि दम्याच्या मुलाची छाती पहिल्याच पावसात वाजू लागते. पटांगणाच्या कोपऱ्यातले विटांचे व लाकडांचे ढीग शाळा उघडण्यापूर्वी हलवावेत. विंचू आणि साप तेथेच आसरा घेतात.

पावसाळ्यात डास आणि गाजर गवत यांच्यावर नजर हवी. डेंग्यूचा डास उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत पोहोचतो. म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत आणि मोठ्या टाकीवर घट्ट झाकण ठेवावे. गाजर गवताने चेहरा, मान व हातांवर खाजरा चट्टा उठतो, काहींना दमही लागतो. सकाळी पटांगणावर फिरणाऱ्या वृद्धांमध्ये हा त्वचाविकार मी दरवर्षी पाहतो. हे गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे, पण उघड्या हातांनी नव्हे आणि त्याची ॲलर्जी असलेल्याने तर नव्हेच.

स्वच्छतागृहाची पाहणी मात्र बारा महिने करावी. ते घाण असेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीची तक्रार माझ्याकडे येते. मुली हे शिक्षकांना सांगत नाहीत, आजीला सांगतात. म्हणून आजीने विचारावे आणि समितीत बोलावे. पायऱ्यांशेजारी उतार आणि आधाराचा कठडाही मागावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार असला, तर काठी टेकणारा माणूस आणि चाकाच्या खुर्चीतले मूल दोघेही सुखाने चढतात.

आणखी एक काम केवळ ज्येष्ठांनाच जमेल. अनेक गावांत शाळेची जमीन कोणा सद्गृहस्थाने तोंडी दिलेली असते आणि सातबाऱ्यावर तिची नोंद झालेली नसते. हद्दीचे दगड कोठे होते, हे जुन्या माणसांनाच ठाऊक असते. ही माहिती समितीला लेखी द्यावी आणि मोजणीचा आग्रह धरावा. अतिक्रमणात गेलेले पटांगण म्हणजे मुलांचे खेळणे गेले आणि आपले फिरणेही गेले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. शिडीवर चढणे, टाकीत उतरणे, दगड उचलणे ही कामे आपली नव्हेत. आपण पाहावे, वहीत तारखेसह लिहावे, सभेत विचारावे आणि काम होईपर्यंत पुन्हा विचारावे. निवृत्तीनंतर आपला कोणाला उपयोग नाही, ही खंत घेऊन येणाऱ्यांना मी औषधाच्या चिठ्ठीवर कधीकधी हेही लिहून देतो : महिन्यातून एकदा, पायांत घट्ट बसणाऱ्या चपला घालून, शाळेला एक फेरी.