हरवलेल्या वस्तू, भानामती आणि चावलेले तांदूळ

घरातली वस्तू ठेवल्या जागेवरून नाहीशी व्हावी, सगळे घर धुंडाळूनही मिळू नये आणि काही दिवसांनी त्याच जागी किंवा भलत्याच ठिकाणी सापडावी, हा अनुभव सगळीकडे येतो. त्याचा कर्ता कोण, याचे उत्तर मात्र प्रदेशागणिक बदलते. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटक-तेलंगणाच्या पट्ट्यात ते उत्तर आहे भानामती. घरावर दगड पडणे, दोरीवरचे कपडे आपोआप पेटणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, शिजल्या अन्नात घाण निघणे आणि वस्तू गायब होऊन परत येणे, हे सगळे प्रकार त्या एका नावाखाली मोडतात. कोकणात संशय बायंगीवर जातो. ती कुणीतरी मांत्रिकाकडून विकत आणून घरात ठेवलेली असते आणि दुसऱ्याचे ओढून मालकाची भरभराट करते, अशी समजूत आहे. त्यामुळे कोकणात शेजाऱ्याने नवे घर बांधले, एवढेही संशयाला पुरते.

उपायही ठरलेले असतात. वस्तू सापडेपर्यंत पदराला गाठ मारून ठेवतात. सहस्रार्जुन कार्तवीर्याच्या स्मरणाने गेलेली वस्तू परत मिळते या श्रद्धेने त्याचा श्लोक म्हणतात. गोव्यातले ख्रिस्ती लोक हेच गाऱ्हाणे सांत आंतोनला घालतात. या उपायांनी कुणाचे वाईट होत नाही. मन थोडे स्थिर होते, शोधणारा पुन्हा शांतपणे शोधू लागतो आणि पुष्कळदा वस्तू मिळतेही.

हा विषय केवळ खेड्यापाड्यांचा नाही. लंडनमध्ये 1882 साली स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेतल्या मेरी रोझ बॅरिंग्टन यांनी अशा घटना वर्षानुवर्षे गोळा केल्या, त्यांना ‘जॉट’ असे नाव दिले आणि 2018 मध्ये त्यांवर पुस्तक काढले. गेलेली वस्तू त्याच जागी परत येणे, दुसरीकडे उगवणे, कायमची जाणे, कुणाचीच नसलेली वस्तू घरात सापडणे, असे प्रकार त्यांनी वेगवेगळे मांडले. आपले नेहमीचे वास्तव मधूनच निसटते, असा त्यांचा कल होता. अमेरिकेतले विल्यम रोल यांनी हलणाऱ्या, पडणाऱ्या वस्तूंचे मूळ भुताऐवजी घरातल्याच एखाद्या तणावग्रस्त माणसाच्या अज्ञात मानसिक शक्तीत शोधले. त्या शक्तीचा पुरावा विज्ञानाने मान्य केलेला नाही. रोल यांचे बोट घरातल्या माणसाकडे वळले, एवढे मात्र खरे.

नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही भानामतीच्या तपासात तिथेच पोचतात, तेही कोणतीही अज्ञात शक्ती न मानता. भानामती आपोआप होत नाही, ती घरातलेच कुणीतरी हाताने करते. करणारी व्यक्ती बहुधा घरात जिचे कुणी ऐकून घेत नाही अशी असते: नको त्या घरी दिलेली सून, शाळा सुटलेली मुलगी, मार खाणारा मुलगा. म्हणून प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचे, प्रकार थांबवायचे आणि नाव चारचौघांत फोडायचे नाही, अशी कामाची पद्धत आहे. नाव न फोडण्याचे महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ते फुटल्यावर काय होते, हे प्रस्तुत लेखिकेने मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी, आजोळी, लहानपणी पाहिले आहे.

त्या घरात आधी आजीचा चष्मा जाऊ लागला, मग अडकित्ता, मग देवघरातले चांदीचे निरांजन. निरांजन चुलीमागच्या कोनाड्यात सापडले तेव्हा शेजारच्या काकूंनी भानामतीचे नाव काढले. पुढे कपाटातली मोहनमाळ गेली आणि देवऋषी बोलावण्यात आला. त्याने अंगारा फुंकला आणि बाहेरचे काही नाही, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याचाच हात आहे, असे सांगितले. मग चौघांना तांदूळ चावायला लावायचे ठरले: दोघी सुना, शेतावरचा गडी आणि धुणीभांडी करणारी बाई.

हा प्रकार फार जुना आहे. धर्मशास्त्रात साक्षी-पुरावा नसताना निवाडा करण्यासाठी तुला, अग्नी, जल, विष अशी दिव्ये सांगितली आहेत. त्यांत तंडुल दिव्य चोरीच्या संशयासाठी राखून ठेवले आहे. देवाच्या स्नानाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेले तांदूळ उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून चावायचे आणि पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसले, टाळू सोलली किंवा अंग कापले की माणूस दोषी. लोकरूढीत यातले रक्त गेले आणि कोरडेपणा उरला: चोराच्या तोंडातला तांदूळ भिजत नाही, असे म्हणतात. त्यात शरीराचा एक खरा धर्म आहे. भीतीने लाळ सुटणे कमी होते आणि तोंडाला कोरड पडते. पण ती कोरड चोरीची नसते, भीतीची असते. ज्याची रोजी जाणार, ज्याच्या बाजूने बोलायला ओसरीवर कुणी नाही, त्याला भीती जास्त.

दोघी सुनांनी चावून थुंकले, ते ओले होते. गड्याचेही ओलसर निघाले. त्या बाईला त्या दिवशी संकष्टी होती आणि सकाळपासून पोटात पाणीही नव्हते. तिने मूठ तोंडात घातली आणि बराच वेळ नुसती दाढ हलवत राहिली. पानावर पडला तो पांढरा, कोरडा भुगा. ‘मी न्हाई घेतली, आक्का’, एवढेच ती आजीकडे बघून म्हणाली. आजी काहीच बोलली नाही. उद्यापासून येऊ नकोस, असे तिला सांगण्यात आले. महिना भरत आला होता, त्याचे पैसेही दिले गेले नाहीत. दोन गल्ल्यांपर्यंत तिला पुढे काम मिळाले नाही, कारण तांदळाची गोष्ट तिच्याआधी तिथे पोचली होती.

पुढच्या पावसाळ्यात थोरल्या सुनेने तूरडाळीचा पत्र्याचा डबा उन्हात घालायला रिकामा केला, तेव्हा तळाशी जुन्या पातळाची चिंधी निघाली आणि चिंधीत मोहनमाळ. गाठ उलटी, दोन पदरी होती. तशी गाठ घरात फक्त आजी मारत असे. एवढे दिसूनही ती बाई निर्दोष ठरली नाही. तांदळाच्या धाकाने तिने रात्री माळ परत आणून टाकली, असे घराने ठरवले. देवऋष्याला नारळ आणि धोतरजोडी गेली. वस्तू गेली तो चोरीचा पुरावा आणि वस्तू आली तोही चोरीचाच पुरावा, अशा मांडणीत सुटायला कुठे फटच राहत नाही. आजीला पुढे काही वर्षांनी माणसे ओळखू येईनात आणि डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. तरीही त्या माळेचा आणि त्या निदानाचा संबंध घरात कुणी बोलून दाखवला नाही. त्या बाईकडे कुणी गेले नाही. तिचा महिन्याचा पगार आजही देणे आहे.

वैद्यकाला हा संबंध पहिल्यापासून ठाऊक आहे. अलोइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ज्या बाईला तपासले आणि 1906 मध्ये जिच्या आजाराची हकीकत ट्युबिंगेनच्या सभेत मांडली, ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवत असे, ही नोंद त्या पहिल्याच वर्णनात आहे. वस्तू जपून ठेवायची, ठेवल्याचे विसरायचे आणि मग ती कुणीतरी चोरली याची खात्री बाळगायची, हा क्रम या आजारात फार आढळतो. आळ बहुधा सर्वांत जवळ वावरणाऱ्यावर येतो, म्हणजे सुनेवर किंवा कामाच्या बाईवर. रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते, म्हणून वाद घालून उपयोग नसतो.

निरोगी माणसाच्या बाबतीत कारण साधे असते. हात सवयीने वस्तू ठेवतो, लक्ष दुसरीकडे असते, त्यामुळे ठेवल्याची आठवण मुळात तयारच होत नाही. समोरची वस्तूही लक्ष नसेल तर दिसत नाही. सायमन्स आणि चॅब्रिस यांनी 1999 मध्ये चेंडूंचे झेल मोजायला सांगून दाखवलेल्या चित्रफितीत मधून गोरिलाच्या वेषातला माणूस चालत गेला आणि जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना तो दिसलाच नाही. ‘इथे दहा वेळा बघितलं होतं’ असे म्हणणारा म्हणूनच खोटे बोलत नसतो. त्याने बघितलेले असते, त्याला दिसलेले नसते.

भानामतीची समजूत घालवलीच पाहिजे, यात शंका नाही. करणी-चेटकाच्या नावाखाली होणाऱ्या छळाविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदाही आहे. तरी आजोळच्या प्रकरणात शेजारच्या काकूंचे म्हणणे घराने ऐकले असते, तर एका गरीब बाईचे काम वाचले असते, हेही खरे आहे. भुतावर आळ घेतला तर भुताचा पगार कापला जात नाही. अर्थात त्यानंतर भानामती कुणी केली हा प्रश्न आला असता आणि बोट कदाचित धाकट्या सुनेकडे वळले असते.

घरात वयस्क माणूस असेल आणि वस्तू वारंवार जात असतील, तर आधी डाळी-तांदळाचे डबे, गाद्यांच्या खोळी, देवघराचे खण, जुन्या पातळांच्या घड्या आणि बुटांच्या आत पाहावे. चष्मा आणि किल्ल्या यांचा दुसरा जोड करून ठेवावा. कचरा टाकण्याआधी पिशवी उघडून बघावी. त्या माणसाच्या लपवण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात, त्या एकदा कळल्या की शोध सोपा होतो. डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. काम करणाऱ्या बाईचे नाव या सगळ्यानंतरही, पुरावा हातात असल्याशिवाय, तोंडातून काढू नये. आणि आधीच काढले गेले असेल, तर वस्तू सापडल्याचे तिच्या घरी जाऊन, शेजाऱ्यांच्या समोर सांगावे आणि राहिलेले पैसे तिच्या हातात द्यावेत.