रडलं होतं का?

मरणाची चौकशी करायला जाताना मी दोन गोष्टी पाळतो. सुतक फिटल्याशिवाय त्या घरी जात नाही, आणि गेल्यावर फॉर्म पिशवीतून लगेच काढत नाही. आधी पाणी, मग पिकापाण्याच्या गोष्टी. मग केव्हातरी आई आपणहून बोलू लागते. तिला 'न्यूमोनिया होता का' असं विचारून उपयोग नसतो. ती म्हणते, "पोट उडत होतं, अंगावर ओढत नव्हतं, रडणं बारीक झालं होतं." ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. आजाराचं नाव नंतर डॉक्टर ठरवतात, हा कागद वाचून. या पद्धतीला शाब्दिक शवविच्छेदन म्हणतात. त्या अंगणात हा शब्द माझ्या तोंडून कधीच निघालेला नाही.

नोकरीची पहिली वर्षं मी रुग्णालयात काढली. दारात आलेला प्रत्येक आजारी दिसे, आणि तेवढ्यावरून तालुक्याची तब्येत कळते असं वाटे. पण तिथे दिसतो तो फक्त अंश. छेद गावात असतो. जे आले नाहीत, येऊ शकले नाहीत, आपलं दुखणं कुणाला सांगण्याजोगं आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं, ते सगळे त्या छेदात. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. कुठल्याही ओपीडीच्या रजिस्टरातून हे कळलं नसतं.

त्यांचं नवजात बाळांवरचं काम तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, वेळ आली तर इंजेक्शन द्यायचं. दुसऱ्या ४७ गावांत होती तीच व्यवस्था राहिली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे २५.५ नवजात बाळं दगावली, दुसऱ्या गावांत ५९.६. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरच्या आशाताई ठरल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. मला यात सगळ्यात मोलाची वाटतात ती ४७ गावं. तिथे नवं काही दिलं नव्हतं, तरी तिथलं प्रत्येक जन्म-मरण तितक्याच जिव्हाळ्यानं टिपावं लागलं. तिथली मरणं निसटली असती, तर इकडे वाचलेली बाळंही कुणाला दिसली नसती.

आणि मरण निसटतं अगदी सहज. एका रजिस्टरात एका बाळापुढे 'उपजत मृत्यू' लिहिलं होतं. उपजत म्हणजे जन्मतःच मृत. बालमृत्यूत त्याची गणती होत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. बाळ घटकाभर जगलं तर घरचेसुद्धा 'मेलेलंच झालं' म्हणून मोकळे होतात, बोलायला तेच कमी जड जातं. पण पोटातच गेलेल्या बाळासाठी गरोदरपणाकडे, कळांच्या वेळेकडे पाहावं लागतं. श्वास घेऊन गेलेल्या बाळासाठी त्याच्या पहिल्या तासांकडे. चुकीच्या रकान्यात पडलेलं मरण आम्हाला चुकीच्या दाराशी नेतं.

आशाताईंना घेऊन मी त्या घरी गेलो. बराच वेळ बसल्यावर आईला एवढंच विचारलं, "रडलं होतं का, बाई?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "रडलं ना जी. बारीकसं. गुरं घरी येईस्तोवर होतं."

"आणि झालं केव्हा?"

"सावली जोत्याला लागली होती."

आशाताई उठल्या, जोत्यापाशी उभ्या राहिल्या, सावली कुठे असते ते म्हातारीकडून दाखवून घेतलं. गुराखी केव्हा परततो ते शेजारणीला विचारलं. तीन तास. बाळ तीन तास होतं.

उपकेंद्रात परत येऊन आम्ही ती ओळ खोडली. सिस्टरनं आधी जन्माचं पान काढलं, तारीख आणि वेळ लिहिली. मग मृत्यूचं.