घोडी पुढे, दादा मागे

बैलगाड्याच्या घाटात घोडी पळवणं सोपं, धरणं अवघड. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरकडच्या आमच्या शर्यतीत गाड्यावर हाकणारा नसतो. मागे धुरेची जोडी, पुढे जुकाटाची, आणि त्या चौघांच्याही पुढे घोडी. पुढे पळणाऱ्या जनावरामागे धावायचं, या बैलाच्या कळपातल्या स्वभावावर सगळा खेळ उभा आहे. घोडी मोकळी सोडली तर ती लांब जाते आणि बैलांची ओढ तुटते. जास्त आवळली तर बैल अंगावर येतात. काही सेकंदांच्या बारीत, म्हणजे एका धावेत, घाटाच्या चढावर ते अंतर राखायचं. घोडीवर मी असते, जुकाटापाशी दादा.

म्हणजे बारीभर भाऊ माझ्या पाठीमागे. ड्रेसाजमध्ये दोन स्वार शेजारी राहून एकमेकांच्या बरोबरीने घोडे चालवतात, त्याला पा द दू म्हणतात. आम्हाला एकमेकांकडे बघायची सोयच नाही. मान वळवली की खांदा वळतो, लगाम ओढला जातो, घोडी तिरपी होते. म्हणून मी तिचे कान बघते. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. आमच्या घोडीचा एक कान मागे आणि एक पुढे असला की गाडा बरोबर लागलाय. दोन्ही मागे पडले की जुकाट जवळ आलं, लगाम सैल करायचा. दोन्ही पुढे टवकारले की ती बैलांना विसरली, तिथे धरायचं.

सुटताना मात्र कान उपयोगाचे नाहीत, तिथे दादाचा आवाज लागतो. हलगी वाजत असते, लाउडस्पीकरवर पुकारा चालू असतो, लोक भिर्रर्र करत असतात. त्यात दादा फक्त ‘हं’ म्हणतो. ते मला ऐकू येतं, कारण लहानपणापासून गोठ्यात दावं सोडताना तो तसंच म्हणत आलाय. त्या ‘हं’वर घोडी उचलायची. बैल सुटल्यावर उचलली तर उशीर झालेला असतो.

हे घाटात शिकता येत नाही, आणि मधली सात वर्षं तर घाटच नव्हता. 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. टोचणी लावून पळवलेला गाडा मला आजही बघवत नाही; त्याबद्दलचा आक्षेप खराच होता. पण त्या वर्षांत कितीतरी घोड्या वरातीला गेल्या. बँडपुढे जागच्या जागी नाचायला शिकलेली घोडी घाटात आणणं फार कष्टाचं. आणि घोडी धरायला शिकायच्या वयाची पोरं कंपनीच्या बसमध्ये बसली. दादाही महाळुंग्याला पाळीवर जातो. पहिली पाळी असली की सराव संध्याकाळी, रात्रपाळी असली की तो न झोपताच गोठ्यात येतो.

मे 2022 मध्ये चिखलीच्या जाधववाडीतल्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबीचं होतं. एवढ्या मोठ्या बक्षिसाचं मला थोडं भय वाटतं. त्यापायी सराव न झालेली घोडीही घाटात उतरवली जाते, आणि चढ संपल्यावर बैलांना हळूहळू थांबवायचं कामही तिचंच असतं, हे विसरलं जातं. माथ्यावरची गर्दी बाजूला झाली नाही तर ती थांबणार कुठे?

बारी झाली की दादा धावत वर येतो. आधी घोडीच्या नळ्यांवरून हात फिरवतो, गरम लागतात का बघतो. मग बैलांची खुरं. सेकंद किती लागले, ते त्यानंतर.

सध्या आमचं भांडण घोडीच्या शिंगरावरून चाललंय. दादाला ते येत्या चैत्रात बैलांपुढे काढायचंय. मी म्हणते, अजून एक पावसाळा जाऊ दे. पाठ भरलेली नाही, आणि दादाच्या ‘हं’ला ते अजून कानही देत नाही.