अकलोलीचं गरम पाणी

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने निघालं की अंबाडी नाक्यावर डावीकडे वज्रेश्वरीचा फाटा लागतो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि १७३९मध्ये किल्ला हाती आल्यावर देवीचं देऊळ बांधलं गेलं, असं सांगतात. किल्ल्यासारखा त्याचा दरवाजा, त्यावरचा नगारखाना पाहून पुढे तानसेच्या काठी अकलोलीला यायचं. इथे रामेश्वराचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं.

आम्हा भिवंडीच्या पोरांना गरम पाणी माहीत होतं ते सायझिंगमधलं. तिथे सुताला खळ देतात, त्यासाठी बॉयलर पेटलेला असायचा. आमच्या घराची मागची भिंत एका कारखान्याला लागून होती. मागांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली, की वीज गेली की झोपमोड व्हायची. शेजारच्या बायका दारात कांड्या भरायच्या. धोटा कसा पळतो ते बघत आम्ही खिडकीशी उभे राहायचो आणि भुवयांवर कापसाची तूस घेऊन घरी यायचो.

१८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हे गाव हातमागाचं केलं, पुढे यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथलं कापड आमच्याकडे विणलं जाऊ लागलं. लालबाग-परळच्या चुली विझत होत्या तेव्हा आमच्या गल्लीत रात्रपाळ्या वाढत होत्या. मोठेपणी हे समजलं तेव्हापासून ती खटखट मला निर्मळ मनाने आठवता येत नाही.

शुक्रवारी माग बंद. मग आमची एसटी अकलोलीला. इथे लाकूड नाही, धूर नाही, तरी पाणी कढत! पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापून वर येतं, हे शाळेत शिकलो. गंधकाचा वास मात्र त्याआधीच ओळखीचा झाला होता.

या खेपेला कुंडात एक वयस्क चाचा भेटले. उभी हयात मागांवर, बारा-बारा तासांच्या पाळ्या. मालकाने माग भंगारात घातले. ना फंड, ना पेन्शन. सुजलेले गुडघे चोळत ते म्हणाले, “त्या कोपऱ्यात नको जाऊ बेटा, तिथे फार कढत आहे. इथे बस. आधी पाय सोड, मग हळूहळू खाली ये.”