१८ ते १४०

मामाने त्याचा निकॉन डी ५३०० मला देऊन टाकला, पण नुसती बॉडी. दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे जेमतेम एका सेकंडहँड लेन्सपुरते. म्हणजे जी घेईन तीच कॉलेज संपेपर्यंत!

आता हॉस्टेलमध्ये सल्ल्यांना काय तोटा? रूमपार्टनर म्हणाला, “३५ मिमी, एफ १.८ घे. कमी उजेडात मस्त.” खरंय. हा एफचा आकडा जितका लहान, तितकं आतलं भोक मोठं, एफ ५.६ पेक्षा १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. पण तिला झूम नाही. आमच्या रूममधल्या तिघांना एका फोटोत बसवायचं, तर फोटो काढणाऱ्याला भिंतीतून आरपार जावं लागेल. एक सीनियर १८-३०० वर अडून बसला. त्यातली जुनी, एफ ३.५-५.६ वाली ८३० ग्रॅमची, म्हणजे बॉडीपेक्षा जड. ती गळ्यात घालून रोज मेसला कोण जाणार?

शेवटी एका मित्राची १८-१४० मागून घेतली आणि सुट्टीत गावी गेलो. आमच्या बाबांसमोर कॅमेरा धरला की ते आधार कार्डाला बसल्यासारखे ताठ होतात. टोपी सरळ, हसू गायब. त्या दिवशी ते शेतात बैलाशी काहीतरी बोलत होते. मी लांब बांधावर. झूम पार १४० ला नेला आणि क्लिक! बाबा चक्क हसतायत. आमच्या घरात त्यांचा हसतानाचा तेवढा एकच फोटो आहे.

परत आल्यावर सगळे फोटो तपासले. प्रत्येक फोटोसोबत मिमीचा आकडा साठवलेला असतो, तो बघत गेलो. निम्मे १८ च्या आसपास, म्हणजे रूम, मेस, ट्रेकचा ग्रुप. बाकीचे बहुतेक १०० च्या पुढे. झालं, ठरलं.

घेताना मोबाईलचा टॉर्च मारून काचेत बुरशी नाही ना ते पाहिलं, झूमची रिंग फिरवून वाळूची करकर ऐकू येते का तेही पाहिलं. ४९० ग्रॅम, रोज बॅगेत मावते. १८ ला सरळ रेघा जरा फुगतात. सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये, बिल्डिंग शाबूत आहे. १४० ला मात्र एफ ५.६ च्या खाली जाता येत नाही. व्हीआर आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. त्यामुळे गॅदरिंगच्या ग्रुप डान्सवाल्यांना आत्ताच विनंती, लाईट कमी असेल तेव्हा जरा हळू नाचा रे!